जासूस आबांचे तांदूळ

गणपतीत रविवारी दुपारी मंडपात कुठला पिक्चर लावायचा, हे मंडळाची पोरं ठरवायची. त्यात बायकांना विचारतो कोण? पण सुरतेतल्या प्लेगच्या पळापळीच्या आदल्या वर्षी तो पिक्चर सुंदरानं ठरवला, आणि तिनं ठरवला हे एकाही पोराला कळलं नाही. कळलं असतं तर बरं झालं असतं. एखादा तरी म्हणाला असता, काकू, कशाला आणताय हे झेंगट?

सुंदराला पिक्चरचा शौक होता असं मुळीच नाही. नवरा आनंदा सचिन गावच्या प्रोसेस मिलमध्ये कापड रंगवायचा, ती आणि तिची लेक वर्षा घरी बसून साड्यांचे धागे कापायच्या. तिच्या डोक्यात त्या वर्षी एकच गोष्ट होती, वर्षाचं लग्न. मुलगा सोसायटीतलाच, दोन गल्ल्या पलीकडचा ललित. पोराला पोरगी पसंत, पोरीला पोरगा पसंत, घरदार माहितीतलं. अडलं ते त्याच्या आईपाशी. वत्सला तोंडाची गोड होती, आणि गोड माणसं नाही म्हणतात तेव्हा फार दुखतं.

"पोर तुझी गुणाची आहे, सुंदरा," वत्सला म्हणाली होती. "पण उद्या माझ्या सुनेला कुणी चोट्टीची लेक म्हटलं, तर मी तोंड कुठं लपवू? ज्यांनी तुझं नाव घेतलं त्या सुकदेव आबांनीच चारचौघांत म्हणावं की सुंदरानं नथ घेतली नाही. दुसऱ्या दिवशी सुपारी फोडते."

नथेची गोष्ट बारा वर्षं जुनी. श्रावणात सोसायटीतल्याच सुकलालच्या घरी कानबाई बसली होती. खानदेश सुटला म्हणून कानबाई सुटते का? नारळाची देवी, तिला लुगडं, गळ्यात डोरलं आणि नाकात सुकलालच्या आजीची सोन्याची नथ. बायकांनी गाणी म्हणत जागरण केलं, आणि सकाळी देवीला तापीवर न्यायला उठले तर नाकात नथ नाही. देवीच्या नाकातली! घरात एकच बोंब उठली.

मग आबांना बोलावणं गेलं. सुकदेव आबा तेव्हा कडोदऱ्याच्या लूमवर जॉबर होते, कामगारांवरचे मुकादम. सुताचे कोन पळवणारा माणूस ते नुसता चेहरा बघून धरायचे, म्हणून सगळे त्यांना जासूस आबा म्हणत. आबांनी जुनी रीत काढली. जागरणाच्या सगळ्या बायका देवीपुढं बसवल्या आणि प्रत्येकीच्या तळहातावर आपल्या हातानं चिमूट चिमूट तांदूळ ठेवले. चावा आणि हातावर थुंका. जिचं मन साफ तिचे तांदूळ ओले निघतील, जिच्या मनात पाप तिचं तोंड सुकेल. सगळ्यांचे ओले निघाले. सुंदराचे मात्र तोंडात टाकले तसे बाहेर आले, कोरडे ठणठणीत.

"नथ मी नही लिधी, आबा," ती म्हणाली. ऐकायला कोण होतं? तिच्या घरातले डबे पालथे घातले, वर्षाचं दप्तरसुद्धा झटकलं. नथ सापडली नाही. पण त्यानं काय झालं? सापडली असती तर नुसती चोर ठरली असती, न सापडल्यानं वरून लबाडही ठरली. त्यानंतर दर श्रावणात तिला कानबाईच्या रोटाचं, प्रसादाच्या जेवणाचं, बोलावणं यायचं, पण देवीच्या खोलीत तिला एकटीला कुणी सोडायचं नाही.

वर्षा कळती झाली तशी आईला विचारू लागली, तुझेच तांदूळ कोरडे का निघाले? सुंदराचं उत्तर ठरलेलं असायचं. "घाबरले गं. दिवसभराचा उपास, घोटभर पाणी नाही, त्यात सगळ्यांचे डोळे माझ्यावर. घाबरलं की तोंड सुकतं." वर्षाचा आईवर विश्वास होता. शाळेत कुणी चोट्टी म्हटलं की ती पोरगी अंगावर धावून जायची.

आता आबा म्हातारे झाले होते. बायको कमल वारली होती. मुलगा योगेंद्र गणपती मंडळाचा अध्यक्ष, कानात सोन्याची जाड बाळी घालून मिरवायचा. सून नूतन गॅसवर पातळ चपात्या करायची, त्या आबांच्या घशाखाली उतरायच्या नाहीत. त्यांना हवी ज्वारी-उडदाच्या कळण्याची जाड भाकर. सुंदरानं ते हेरलं आणि रोज दुपारी भाकर, ठेचा, कधी शेवभाजी नेऊन द्यायला लागली. आबा दाबून खायचे. ढेकर दिला की ती हळूच म्हणायची, "आबा, माझ्या पोरीचं अडलंय. एक शब्द टाका ना."

"बघू," आबा म्हणायचे, आणि दाढेत अडकलेलं मिरचीचं बी काढत बसायचे. बघू बघू म्हणता वर्ष सरलं. वत्सलाकडं नवापूरहून दुसरी मुलगी सांगून आली.

तेवढ्यात वर्षानं मैत्रिणीच्या घरी तो पिक्चर पाहिला. घरी येऊन धागे कापता कापता आईला गोष्ट सांगितली. मलकानी नावाचा एक जासूस असतो. म्हातारपणी त्याला कळतं की आपण तरुणपणी पकडलेला माणूस निर्दोष होता. तो बिचारा तुरुंगात मेला. मग हा म्हातारा शोधत शोधत त्याच्या बायकोच्या दारात जातो, आणि तिच्यापुढं हात जोडून म्हणतो, बाई, मी चुकलो.

सुंदराची कातर थांबली. "हात जोडतो? खरंच?"

"हो ना. रडतो पण. मीच रडले."

सुंदराला रात्रभर झोप नाही. आबांना हा पिक्चर दाखवायचा! माणूस आहे, काळीज आहे, पाझर फुटेलच. भाकरीनं झालं नाही ते पिक्चर करेल. तिनं सकाळी वर्षाला कामाला लावलं, कारण मंडळाच्या कॅसेटी ललितच आणायचा. वर्षानं लाडीगोडी लावली, ललितनं योगेंद्रला सांगितलं की जासूसचा पिक्चर आहे, लई भारी. योगेंद्र म्हणाला, "आबांना पण आणू मग. आपला जासूस पुढच्या खुर्चीत!" सुंदरानं त्या दिवशी देवापुढं साखर ठेवली.

रविवारी जेवणं उरकल्यावर मंडपाच्या ताडपत्र्या खाली सोडून अंधार केला. गणपतीच्या बाजूला टेबल, टेबलावर भाड्याचा टीव्ही, त्याखाली व्हीसीआर. पोरं सतरंजीवर, बाया मागं, पुरुष कडेनं उभे. पुढं प्लास्टिकच्या खुर्चीत पांढरी टोपी घालून आबा. सुंदरा अशी बसली की तिला टीव्ही कमी आणि आबांचं तोंड जास्त दिसावं. शेजारी वर्षा, जरा पलीकडं वत्सला.

पिक्चर सुरू झाला आणि पोरांचा अपेक्षाभंगही तेव्हाच सुरू झाला. जासूस म्हणजे त्यांना हवा होता लांब कोट, मोटारीचा पाठलाग, ढिशुम ढिशुम. आणि पडद्यावर आला कोण, तर स्वेटर घातलेला, पाय ओढत चालणारा म्हातारा. मलकानीनं चहात साखरेऐवजी मीठ घातलं. मंडप हसला. मलकानी कुत्र्याला मेलेल्या बायकोच्या नावानं हाक मारू लागला. मंडप आणखी हसला. मग तो घरभर चष्मा शोधत फिरला, आणि चष्मा होता कपाळावर.

"काखेत कळसा गावाला वळसा!" मागून कुणीतरी ओरडलं.

"ज्याला चष्मा सापडेना त्याला खुनी काय सापडणार, घंटा?"

"अरे, डोसो गांडो थई गयो!" ललित ओरडला. इथंच जन्मलेली पोरं, म्हाताऱ्याला येडा म्हणायचं तरी गुजरातीत म्हणायची. वर्षासुद्धा हसली. सुंदरा हसली नाही. ती आबांकडं बघत होती. आबा गुडघ्यावर हात ठेवून एकटक बघत होते, आणि त्यांनी आपला चष्मा काढून डोळे पुसले. मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचंच, पण सुंदराला ते कुठलं आठवायला? तिनं वर्षाचा हात घट्ट धरला.

शेवट आला. मलकानी त्या बाईच्या दारात उभा राहिला. पांढऱ्या केसांची बाई. त्यानं हात जोडले. "मैं गलत था," तो म्हणाला. बाईनं त्याच्याकडं पाहिलं आणि दार लावून घेतलं. पिक्चर संपला.

मंडप खवळला. संपला? असा? फायटिंग कुठाय? खरा खुनी कोण? "मायला, दुपार वाया घालवली!" एकानं टीव्हीकडं चप्पल भिरकावली, ती गणपतीच्या आरतीच्या ताटाजवळ पडली म्हणून त्याला दोन शिव्या बसल्या. मग सगळ्यांचा मलकानीवर खल सुरू झाला. एक म्हणाला, त्यानं पकडला तो माणूसच खुनी होता, जवानीत बरोबर पकडला होता, म्हातारपणी डोकं फिरलं म्हणून माफी मागत सुटला. ही गोष्ट सगळ्यांना एकदम पटली. खरंच की! जो चहात मीठ घालतो त्याच्या माफीला काय धरून बसायचं?

"त्या बाईनं दार लावलं ते बरं केलं," वत्सलासुद्धा म्हणाली. "येड्याच्या बोलण्यावर कोण विसंबतं?"

सुंदरानं वर्षाचा हात सोडला. हे असं कसं झालं? तिनं आणलेला पिक्चर लोकांनी भलताच पाहिला होता. पण अजून आबा होते. आबा उठले नव्हते, त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला होता आणि ओठ हलत होते.

एका टवाळ पोरानं खुर्चीजवळ उकिडवं बसत विचारलं, "काय जासूस आबा, तुमच्या हातून असे किती जण फुकट टांगले गेले?"

झालं! आबा ताडकन उठले. आवाज जॉबरचा होता, लूमच्या खडखडाटावर चढणारा. "मला त्या मलकानीच्या पंगतीला बसवतो? मी? मी आयुष्यात चुकलो नाही! ती सुंदरा, तिनं नथ घेतली नव्हती, हे मला पहिल्या क्षणापासून ठाऊक होतं!"

सुंदरा गुडघ्यांवर उठून बसली. म्हणाले! आबा म्हणाले, चारचौघांत, गणपतीपुढं, वत्सलाच्या देखत! बारा वर्षं खाली घातलेली मान तिनं वर केली. बाईला त्या क्षणी इतका आनंद झाला की पुढचं ऐकायला तिला जरा उशीरच झाला.

"चुकतात ते येडे," आबा सांगत होते, आणि त्यांची छाती फुगली होती. "माझ्या कमलनं घेतली नथ. तिच्या पदराची गाठ बघून मी ताडलं. घरची लक्ष्मी चोर ठरवू का? तिच्या तांदळाला चिंच चोळली मी, तोंडाला कसं पाणी सुटलं! आणि कुणाचं तरी नाव द्यायलाच हवं होतं. ही नवी आलेली, नवरा गरीब गाय, मागं बोलणारं कुणी नाही. हिचे तांदूळ मी तव्यावर भाजून आणले होते. भाजून! कुणाच्या बापाला कळलं? याला म्हणतात डोकं!"

पश्चात्ताप? नाव नको. म्हातारा शाबासकी मागत होता.

सुंदराच्या जिभेवर ते तांदूळ परत आले. कुरकुरीत. हो, कुरकुरीत होते! दाताखाली कडकन फुटले होते, जरासा करपट वासही होता. भीतीनं सुकलेल्या तोंडात तिला तेव्हा काहीच कळलं नव्हतं. बारा वर्षं तिनं स्वतःलाच बोल लावला, आपण देवीपुढं घाबरलोच कशाला म्हणून.

"नथ कुठंय मग, आबा?" कुणीतरी विचारलं.

"ती काय," आबांनी बोट केलं. "मोडून तिची बाळी केली. माझ्या पोराच्या कानात आहे."

सगळ्यांच्या माना योगेंद्रकडं वळल्या. त्याचा हात कानाकडं गेला. अर्ध्यावर थांबला आणि केसांतून फिरून खाली आला. सुंदरानं ते पाहिलं. शपथेवर सांगितलं असतं तिनं, पण तिच्या शपथेला विचारतो कोण? योगेंद्र तोंडभर हसला आणि त्यानं टाळ्या वाजवल्या.

"घ्या! एक पिक्चर संपला तर आमच्या आबांचा सुरू झाला! काय आबा, चहात मीठ टाकलं का साखर?"

बस, मंडपाला तेवढंच हवं होतं. हसू नुसतं फुटलं. "बुढ्ढा जासूस!" "डोकं फिरी गयं म्हतारानं!" "मेलेल्या बायकोला चोर म्हणतो रे!" आबा गोंधळले. समोरची तोंडं नीट दिसेनात म्हणून चष्म्यासाठी खिसा चाचपू लागले, मग खुर्ची, मग मांडी. चष्मा कपाळावर होता. ते दिसल्यावर लोक एकमेकांच्या अंगावर पडून हसले. ललित पोट धरून सतरंजीवर लोळला.

"मी खरं सांगस!" आबा ओरडले. शिकलेली मराठी गळून पडली होती. "भाजेल व्हतात तांदूळ! खरं सांगस मी!"

"बठा खाले, आबा," योगेंद्र गोड आवाजात म्हणाला आणि त्यानं बापाला खांदा दाबून खुर्चीत बसवलं. जरा जास्तच दाबून.

सुंदरा बायांमधून वाट काढत वत्सलाकडं गेली. तिच्या तोंडावर अजून आशा होती, तीच जास्त वाईट दिसत होती. "ऐकलंत ना? चारचौघांत म्हणाले ना? तुम्हीच म्हटलं होतं."

वत्सलानं पदरानं हसू पुसलं. "अगं, डोकं ठिकाणावर असलेल्या माणसानं म्हणायला हवं ना? वर्षभर भाकरी चारतेस त्यांना, सगळ्या गल्लीनं बघितलंय. म्हाताऱ्याला पढवून घेतलंस, आणि पढवलंस ते काय, तर मेलेल्या कमलचं नाव? बिचारी उत्तर द्यायलासुद्धा नाही." मग तिनं सुंदराच्या हातावर हात ठेवला. "चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायला निघालीस, माय. आधी नुसती नथ होती, आता हे पण. नवापूरच्यांना मी उद्याच हो कळवते."

मंडपात ताडपत्र्या वर गेल्या, ऊन आत आलं. ललित कॅसेट रिवाइंड करत होता. वर्षा त्याच्याजवळून गेली तेव्हा त्यानं वर पाहिलं आणि परत मान खाली घातली, आणि त्याच्या तोंडावर हसण्याचा लालपणा अजून होता.

घरी आल्यावर वर्षा भिंतीला टेकून बसली. रडली नाही. साड्यांचा गठ्ठा तसाच पडला होता.

"आई, तांदूळ कोरडे का निघाले होते?"

"भाजलेले होते गं! ऐकलं नाहीस का? दाताखाली कडकड वाजले होते, करपट लागले होते. मला आज आठवलं."

"आज?"

"आज. आबा बोलले आणि लख्ख आठवलं."

वर्षा तिच्याकडं बघत राहिली. "लहानपणापासून तू सांगतेस घाबरले होते. एकदा तरी भाजलेले म्हणाली होतीस? आबा म्हणाले आणि तुला आठवलं. आणि तो पिक्चर आणायला पण तूच लावलंस मला." तिचा आवाज बारीक झाला. "खरं सांग ना आई. मी कुणाला नाही सांगणार. घेतली होतीस का?"

सुंदराला कुणी थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं. सगळ्या सोसायटीनं म्हटलं ते तिनं सोसलं, कारण घरात ही एक होती. ती उठली, स्टोव्ह पेटवला, तवा ठेवला. डब्यातले मूठभर तांदूळ तव्यावर टाकले आणि लाल होईपर्यंत परतले. घरभर तोच वास पसरला, अगदी तोच. बघ, ती मनात म्हणत होती, आता बघ पोरी. चिमूटभर उचलून तिनं तोंडात टाकले. कडकड वाजले. "ऐकलंस? असे वाजले होते!" ती चावता चावता म्हणाली आणि जोरजोरात चावत राहिली, डोळ्यांतून पाणी वाहून ओठांवर येत होतं. मग वर्षापुढं बसून तिनं हात पुढं केला आणि तळहातावर तांदूळ थुंकले.

तांदूळ ओले निघाले. चांगले भिजून, मऊ होऊन.

तोंड त्या दिवशी उपाशी नव्हतं, ना तहानलेलं होतं. बारा वर्षांत पहिल्यांदाच ते घाबरलेलंही नव्हतं. पण हे कुणाला समजावणार? वर्षानं त्या हाताकडं पाहिलं, मग आईच्या तोंडाकडं. भाजलेले तांदूळही ओले निघतात, एवढंच तिला दिसलं. तिनं गठ्ठ्यातली वरची साडी ओढली, कातर घेतली आणि आईकडं पाठ करून धागे कापायला बसली.